कान टोचणारी सुई



सोनारानेच कान टोचावे, अशी आपल्यात म्हण आहे. कटू गोष्ट अधिकारी माणसाने सांगितली म्हणजे ती ऐकणाऱ्याला पटते, असा तिचा अर्थ. आज आम्ही ती म्हण अक्षरशः घेणार आहोत. कान टोचतात म्हणजे काय करतात, कशाने टोचतात, आणि टोचून झाल्यावर त्या सुईचे होते काय, एवढाच आजचा विषय आहे.

आम्ही सोनार नाही आणि डॉक्टरही नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण नगर वाचनालयात आणि कामगारांच्या सभांत झाले. उमेदीचा सारा काळ सफाई कामगारांच्या संघटनेत गेला. अशा माणसाने सुयांवर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल, म्हणून आधी कारण सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या संघटनेतील एक भगिनी सकाळच्या पाळीत बाजारपेठेतला कचरा वेगळा करीत होती. एका पिशवीत हात घातला तो बोटात सुई घुसली. हातमोजे होते, पण पातळ रबराचे. सुई त्यातून आरपार गेली. पिशवीत कापसाचे बोळे होते, दागिन्यांची छोटी पाकिटे होती. ज्या गल्लीतली ती पिशवी होती तेथे कान-नाक टोचून देणारे एक दुकान होते. आम्ही तिला घेऊन रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “सुई पोकळ होती की भरीव?” दुसरा विचारला, “तिच्यावर रक्त दिसत होते काय?” आम्हांला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. सुई म्हणजे सुई, एवढेच आमचे ज्ञान. पुढे सहा महिने त्या बाईंच्या रक्ताच्या तपासण्या चालू होत्या. अखेर सारे निर्मळ निघाले. परंतु त्या सहा महिन्यांत त्यांनी नातवंडाला जवळ घेतले नाही. घेतले असते तरी काही बिघडणार नव्हते, पण भीतीला कोण समजावणार? डॉक्टरांच्या त्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही जे शिकलो ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम जुन्या काळाकडे पाहू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय कान टोचण्याविषयी आहे. मूल सहा-सात महिन्यांचे झाले म्हणजे त्याला दाईच्या मांडीवर बसवावे, खेळणी देऊन रमवावे, कानाची पाळी उन्हात धरून जेथून प्रकाश आरपार दिसतो ती जागा हेरावी आणि तेथे सरळ एका झटक्यात टोचावे, असे सुश्रुताचे सांगणे आहे. प्रकाश आरपार जाणारी जागा म्हणजे जेथे शिरा नाहीत अशी जागा. यापुढे तो जे सांगतो ते आमच्या विषयाच्या गाभ्याचे आहे. पाळी पातळ असेल तर सुईने टोचावे आणि जाड असेल तर आरीने टोचावे. आरी म्हणजे आपल्या चर्मकार बंधूंच्या हातात असते तशी. नंतर भोकात तेलाने भिजविलेली कापसाची वात घालावी आणि दर तीन दिवसांनी ती थोडी जाड करीत जावी. तात्पर्य, सर्व कानांना एकच सुई चालत नाही, हे या देशात फार पूर्वी कळलेले होते.

आता आपल्या सोनाराकडे येऊ. बारशाच्या सुमारास सोनार घरी येई किंवा मूल पेढीवर नेले जाई. सोनार सोन्याची बारीक तार घेई, तिचे एक टोक घासून अणकुचीदार करी, पाळीतून आरपार काढी आणि तेथेच वळवून तिची बाळी करून टाकी. या रीतीत एक गुण आहे आणि तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. येथे सुई आणि दागिना एकच आहेत. टोचणारी तार त्याच कानात राहते. ती दुसऱ्या मुलाच्या कानात जाऊच शकत नाही. एक सुई एका माणसापुरती, हा जो नियम आज शास्त्र सांगते, तो सोनाराच्या तारेत आपोआप पाळला जात होता. तिच्यात दोषही आहेत. सोने मऊ असल्याने टोक लवकर बोथटते. तार हाताने घासलेली, हाताने पुसलेली. ती दिसायला चकचकीत असली तरी निर्जंतुक नसते. परंतु एकाचे रक्त दुसऱ्याला देण्याचे पाप तिच्या माथी नव्हते. ते पाप घडले जत्रेत. तेथे टोचणारा एकच पोलादी सुई घेऊन बसे, एकामागून एक कान टोची आणि मध्ये सुई फक्त फडक्याला पुशी.

तिसरी सुई आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे, ती म्हणजे शिवणाची. मैत्रिणीने मैत्रिणीचे कान शिवणाच्या सुईने टोचावे, हा प्रकार अजून थांबलेला नाही. ही सुई भरीव असते. ती कातडी कापीत नाही, बाजूला रेटीत आत शिरते. कापडाचे धागे बाजूला सारावे पण तोडू नयेत, यासाठीच ती घडविलेली असते. कापडाला हे मानवते, कातडीला मानवत नाही. जोर अधिक लावावा लागतो आणि वेदना अधिक होते. मेणबत्तीवर किंवा गॅसवर धरून ती शुद्ध होते ही समजूत भाबडी आहे. टोक लाल होते, त्यावर काजळी धरते, आणि मग आपण तीच सुई बोटांनी पकडतो.

चौथी सुई खास टोचण्याच्या धंद्याची, पोकळ सुई. ही पोलादाची नळीच असते. तिचे तोंड तिरके कापून त्यावर आणखी दोन पैलू पाडलेले असतात. त्यामुळे तिला पात्यासारखी धार येते. ती कातडी रेटीत नाही, स्वच्छ छेद घेते. छेदाचा आकार अर्धचंद्रासारखा असतो. छेद स्वच्छ असल्याने जोर कमी लागतो. सुईच्या पाठोपाठ त्याच जाडीचा दागिना सरकवितात आणि काम होते. सीलबंद पाकिटातून काढावी, एकदा वापरावी आणि टाकावी, अशी हिची रीत आहे.

या सुयांना नंबर असतात, त्याला गेज म्हणतात. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. हे उलटे का, असे आम्हांलाही वाटले होते. तार ओढणारे कारागीर भोके पाडलेल्या पट्टीतून तार पुनःपुन्हा ओढीत. जितक्या वेळा ओढावी तितकी ती बारीक होई आणि तितका तिचा आकडा वाढे. आकडा कारागिराच्या श्रमाचा आहे, जाडीचा नाही. येथे एक सावधगिरी मात्र हवी. दागिन्याच्या तारेचे गेज आणि दवाखान्यातील सुईचे गेज ही दोन निरनिराळी मापे आहेत. दागिन्यात 18 नंबर म्हणजे सुमारे 1 मिलिमीटर. दवाखान्याच्या सुईत तोच 18 नंबर म्हणजे सुमारे 1.27 मिलिमीटर. 14 नंबरला तर दागिना सुमारे 1.6 मिलिमीटर आणि दवाखान्याची सुई 2.1 मिलिमीटर. केवळ आकडा जुळला म्हणून सुई जुळली असे समजणारा माणूस भोक गरजेपेक्षा मोठे पाडतो.

पाचवी कॅन्युला. रुग्णालयात जिला आपण सलाइनची सुई म्हणतो तीच ही. आत पोकळ पोलादी सुई आणि तिच्यावर प्लॅस्टिकची पातळ नळी, अशी तिची रचना असते. टोचल्यावर पोलादी सुई मागे ओढून घेतात आणि मऊ नळी भोकात राहते. त्या नळीत दागिना अडकवून नळी पलीकडे ओढली की दागिना जागेवर बसतो. युरोपात अनेक टोचणारे हीच वापरतात. गुण हा की भोक क्षणभरही मोकळे राहत नाही. दोष हा की नळीची जाडी सुईच्या जाडीत मिळते, त्यामुळे छेद दागिन्यापेक्षा थोडा मोठा होतो.

सहावे साधन सुई नव्हे, पण हल्ली सुईची जागा त्यानेच घेतली आहे. ते म्हणजे गन. स्प्रिंग ताणलेली असते, खटका दाबला की दागिन्याची दांडी स्वतःच पाळीतून आरपार जाते आणि मागच्या फिरकीत अडकते. गिऱ्हाइकाला सुई दिसत नाही म्हणून भय वाटत नाही, आणि दुकानदाराला शिकावे लागत नाही म्हणून ती सोयीची. परंतु दांडीचे टोक सुईइतके धारदार नसते. ती वेगाच्या जोरावर घुसते. फिरकी घट्ट बसते, आणि टोचल्यावर पाळी सुजते तेव्हा सुजेला जागा उरत नाही. याहून मोठा दोष हा की प्लॅस्टिकच्या गनला वाफेच्या दाबाखाली घालून निर्जंतुक करता येत नाही; ती वितळेल. स्पिरिटने पुसणे एवढेच हाती राहते. नव्या प्रकारच्या काही साधनांत कानाला लागणारा सारा भाग सीलबंद आणि एकदाच वापरायचा असतो. ती जुन्या गनपेक्षा निश्चित बरी.

सातवे साधन आहे पंच, म्हणजे गोल पाते. कातडीचा तपासणीसाठी तुकडा काढावयास डॉक्टर ते वापरतात. हे छेद घेत नाही, गोल चकती कापून बाहेर काढते. गेलेली चकती परत येत नाही, म्हणून ते अननुभवी हातात नसावे.

एवढे ऐकल्यावर आपण विचाराल की यांतली उत्तम कोणती? त्याआधी कान कोठे टोचायचा हे पाहिले पाहिजे. पाळी मांसल असते, तिच्यात रक्त खेळते, ती सहा ते आठ आठवड्यांत भरून येते. कानाचा वरचा भाग कूर्चेचा असतो. जेथे आपल्या स्त्रिया बुगडी घालतात आणि पुरुष भिकबाळी घालीत, तो हा भाग. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरच्या पातळ आवरणातून तिचे पोषण होते. आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये पू झाला की पोषण तुटते, कूर्चा मरते आणि कान कायमचा आक्रसतो. ही जखम भरायला कित्येक महिने, कधी वर्षही लागते. पाळीवर केलेली चूक पुष्कळदा खपून जाते, कूर्चेवरची खपत नाही.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या पूर्वग्रहाविरुद्ध गेली. आमची खात्री होती की गन कूर्चा चिरडते आणि सुई चिरडत नाही. 2008 साली नेदरलँड्समधील डॉक्टरांनी मृत व्यक्तींचे 22 कान घेतले. काही कान स्प्रिंगच्या गनने टोचले, काही हाताने दाबावयाच्या साधनाने, तर काही कॅन्युलाच्या सुईने. मग त्यांचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कूर्चेला आणि तिच्या आवरणाला होणारी इजा सर्व साधनांत जवळजवळ सारखीच निघाली. म्हणून त्यांनी निष्कर्ष काढला की भर दिला पाहिजे तो स्वच्छतेवर आणि नंतरच्या निगेवर.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील ओरेगन राज्याचे. 2000 साली तेथे एका दुकानात कानाचा वरचा भाग टोचून घेतलेल्या मुलामुलींचे कान सडू लागले. 7 जणांना एकाच जातीच्या जंतूची बाधा झाल्याचे खात्रीने ठरले. संशयित याहून जास्त होते. शोध घेतला तेव्हा तो जंतू सापडला जंतुनाशक फवारण्याच्या बाटलीत. ज्या बाटलीवर दुकानाचा विश्वास होता तीच दूषित होती. आम्ही ही गोष्ट वारंवार सांगतो, कारण आपण हत्याराकडे पाहतो आणि हत्याराच्या शेजारी ठेवलेल्या बाटलीकडे पाहत नाही.

मग निर्जंतुक म्हणजे काय? पाण्यात उकळणे म्हणजे निर्जंतुक करणे नव्हे; धनुर्वातासारख्या जंतूंचे बीज उकळत्या पाण्यात टिकते. ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश सेल्सिअसची वाफ, 15 पौंडांचा दाब आणि निदान 15 मिनिटे, एवढे लागते. सीलबंद सुया कारखान्यात वायूने किंवा गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या असतात. ब प्रकारच्या काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहतो. कालची कोरडी सुई आज निर्धोक झाली, असे म्हणता येत नाही ते यामुळे.

येथवर आपण सुईकडे कानाच्या बाजूने पाहिले. आता आमच्या त्या भगिनीच्या बोटाच्या बाजूने पाहू. डॉक्टरांनी पोकळ की भरीव असे विचारले त्याचे कारण साधे आहे. भरीव सुईच्या फक्त अंगावर रक्त लागते. पोकळ सुईच्या पोटात रक्त साठून राहते. म्हणजे जी सुई कानाला अधिक दयाळू, तीच नंतर ती उचलणाऱ्या हाताला अधिक घातक. ज्याच्या अंगात रोग आहे त्याचे रक्त लागलेली सुई टोचली, तर लस न घेतलेल्या माणसाला ब प्रकारची कावीळ होण्याचा संभव शंभरात सहापासून तीसपर्यंत असतो. एचआयव्हीचा संभव हजारात सुमारे तीन. दुसरा आकडा लहान खरा, पण ज्याचे बोट असते त्याला तो लहान वाटत नाही.

फेकलेली सुई परतही येते. 2009 साली गुजरातमधील साबरकांठा जिल्ह्यात, मोडासा भागात ब प्रकारच्या काविळीची साथ आली आणि कित्येक माणसे दगावली. वापरलेल्या सुया आणि सिरिंजा पुन्हा वापरल्या जात होत्या, असे उघडकीस आले. कचऱ्यातून निघालेली सुई भंगाराच्या वाटेने पुन्हा कोणाच्या तरी दंडापर्यंत पोहोचू शकते. सफाई कामगाराचे बोट आणि आपल्या मुलाचा दंड हे एकाच साखळीचे दुवे आहेत.

ही साखळी तोडता येते. अमेरिकेत परिचारिका आणि रुग्णालयातील कामगार यांच्या संघटनांनी याच प्रश्नावर लढा दिला. आधी 1998 साली कॅलिफोर्निया राज्यात आणि मग 2000 साली साऱ्या देशासाठी सुईच्या इजेपासून संरक्षण देणारा कायदा झाला. त्यातले एक कलम आम्हांला फार मोलाचे वाटते. सुरक्षित सुई कोणती घ्यावी हे ठरविताना मालकाने ती प्रत्यक्ष हाताळणाऱ्या कामगारांचे मत घेतले पाहिजे, असे ते कलम आहे. आपल्याकडेही जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम 1998 साली झाले आणि 2016 साली ते नव्याने केले गेले. टोकदार वस्तू पांढऱ्या, सुईने न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकाव्यात, असे त्यांत सांगितले आहे. 2016 सालीच घनकचऱ्याच्या नियमांत घरातील वापरलेल्या सुयांची गणना धोकादायक कचऱ्यात झाली. नियम कागदावर आहेत. त्यांना हातपाय फुटायचे ते दुकानाच्या काउंटरवर आणि आपल्या स्वयंपाकघराच्या कचऱ्याच्या डब्यापाशी.

म्हणून मुलीचे कान किंवा नाक टोचावयास जाल तेव्हा पाच प्रश्न विचारावे. सुईचे किंवा दागिन्याचे पाकीट आमच्या डोळ्यांसमोर फोडाल ना? टोचायचा भाग पाळी आहे की कूर्चा, आणि त्याला हे साधन योग्य आहे काय? हात धुऊन नवे मोजे घालाल ना? कातडीवर लावायचे जंतुनाशक ताजे आणि झाकलेले आहे ना? आणि पाचवा प्रश्न, जो कोणी विचारीत नाही, तो हा की ही सुई टोचून झाल्यावर कोठे टाकता? ज्या दुकानात याचे उत्तर म्हणून एक जाड, झाकणाचा डबा दाखविला जाईल, तेथे पहिल्या चारही प्रश्नांची उत्तरे बहुधा नीट मिळतील. जो माणूस आपल्या नजरेआडच्या कामगाराची काळजी घेतो, तो समोर बसलेल्या मुलाची घेतोच.

घरी मधुमेहाची इंजेक्शने घेणारे आपल्यात पुष्कळ असतील. त्यांनी सुईवर टोपण पुन्हा घालण्याच्या खटपटीत पडू नये. तेथेच बोटे टोचतात. जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत सुया साठवाव्या, झाकण चिकटपट्टीने बंद करावे, वर ‘सुया’ असे ठळक मराठीत लिहावे आणि ती घंटागाडीवरच्या माणसाच्या हाती सांगून द्यावी. कोणाला सुई टोचलीच तर बोट पिळू नये, तोंडात घालू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावे आणि त्याच तासात सरकारी रुग्णालय गाठावे. एचआयव्ही टाळण्याची औषधे लौकर सुरू केली तरच उपयोगी पडतात. 72 तासांनंतर त्यांचा भरवसा नसतो. काविळीची लस तर आधीच घेऊन ठेवावी. आमच्या त्या प्रसंगानंतर संघटनेने पहिली मागणी केली ती पगारवाढीची नव्हती. प्रत्येक सफाई कामगाराला लसीचे तिन्ही डोस आणि सुई न शिरणारे हातमोजे मिळावेत, ही होती. लस मिळाली. हातमोज्यांसाठी अजून खेटे घालीत आहोत.

त्या भगिनी पुढे सेवेतून निवृत्त झाल्या. गेल्या वर्षी त्यांच्या नातीचे कान टोचायचे होते. त्यांनी आम्हांला बरोबर नेले. सोनाराने पाकीट फोडले, सोन्याची तार काढली, क्षणात काम झाले, मुलगी रडली आणि पेढा मिळताच थांबली. बाई सोनाराला म्हणाल्या, “दादा, त्या पाकिटात आणखी काही टोकदार नाही ना?” त्याने पाकीट उलटे करून दाखविले. तेव्हा कुठे त्यांनी ते कचऱ्यात टाकू दिले.

आपण सर्वांनी एवढेच पाहावे, इतके मागून आम्ही आपली रजा घेतो.